पहिली किल्ली कोणाकडे?



संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर पहिले चित्र उमटेपर्यंत जे पाच-दहा सेकंद जातात, त्यांविषयी आज बोलावयाचे आहे. एवढ्याशा वेळात व्याख्यानाजोगे काय घडते, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु यंत्र आपले आहे की दुसऱ्याचे, याचा निकाल त्या पाच-दहा सेकंदांतच लागत असतो. आणि यंत्र विकत घेताना त्याविषयी आपण दुकानदारास एक अक्षरही विचारीत नाही. वेग किती, साठवण किती आणि केवढ्याला देता, एवढे विचारून आपण मोकळे होतो.

हा विषय आजच काढण्यास कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबविली. विंडोज ११ ला इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, चालत नाहीत. त्यामुळे मोठ्या कचेऱ्यांतून चांगली धडधाकट यंत्रे बाहेर काढली जात आहेत. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत येतात आणि तेथून आपल्या तालुक्याच्या दुकानांत. जेऊरच्या एखाद्या वाचनालयाने किंवा शाळेने दहा संगणक घ्यावयाचे ठरविले, तर ते बहुधा याच ढिगातले असणार. लिनक्स घालून ते आणखी बरीच वर्षे चालतील यात शंका नाही. परंतु त्या ढिगात काही यंत्रांची पहिली किल्ली नव्या मालकाच्या हाती येऊ शकते आणि काहींची कधीही येत नाही. बाहेरून मात्र दोन्ही अगदी सारखी दिसतात.

ही पहिली किल्ली म्हणजे काय, ते आधी पाहू. शाळा भरण्यापूर्वी काय होते ते आठवा. गुरुजी आणि मुले यावयाची असतात अकराला. त्यापूर्वी शिपाई येतो. तो कुलूप काढतो, खोल्या झाडतो, बाके सरळ करतो, फळा पुसतो आणि सारे जागच्या जागी आहे अशी खात्री झाली की घंटा देतो. मग शाळा भरते. गुरुजींना वाटते, शाळा आपण चालवितो. ते खरेही आहे; पण शिपायाने कुलूपच काढले नाही तर गुरुजींची सारी विद्वत्ता फाटकाबाहेर उभी राहील.

संगणकाच्या पेटीत जो मोठा पाटा असतो, ज्यावर प्रोसेसर, मेमरी आणि बाकीचे सारे भाग बसविलेले असतात, त्यास मदरबोर्ड म्हणतात. मातृफलक असा शब्द करता येईल. परंतु तपकीर गल्लीत जाऊन मातृफलक मागणाऱ्यास दुकानदार देव्हाऱ्यांच्या दुकानाकडे बोट दाखवील, म्हणून आपण मदरबोर्डच म्हणू. या पाट्यावर करंगळीच्या नखाएवढी, बहुधा आठ पायांची एक चिप असते. वीज आली की प्रोसेसर जागा होतो, पण त्यास काहीच ठाऊक नसते. मेमरी समोर असते, तीही अद्याप वापरता येत नाही. तिचे वेग, तिच्या वेळा जुळवून घ्यावयाच्या असतात. अशा स्थितीत प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. हा पत्ता म्हणजे चार गिगाबाइटच्या सीमेच्या अलीकडे बरोबर सोळा बाइट. तेथे जी आज्ञा लिहिलेली असेल ती तो निमूटपणे पाळू लागतो, आणि त्या पत्त्यावर वाचावयास मिळते ते या छोट्या चिपेत लिहिलेले. हाच तो शिपाई. याला फर्मवेअर म्हणतात. जुनी माणसे बायोस म्हणत, नवीन यंत्रांत यूईएफआय म्हणतात. लिनक्स काय किंवा विंडोज काय, ते गुरुजी. ते नंतर येतात.

हा शिपाई बहुतेक यंत्रांत कंपनीचा असतो. त्याने काय करावे हे कंपनी ठरविते, आणि तो काय करतो हे वाचून पाहण्याची सोय नसते. हे नुसते तत्त्वाचे बोलणे नव्हे. थिंकपॅड नावाचे लॅपटॉप प्रसिद्ध आहेत. त्यांतील कित्येक जुन्या मॉडेलांत बिनतारी जाळ्याचे कार्ड बिघडले म्हणून बाजारातून दुसरे आणून बसविले, तर यंत्र सुरूच होत नाही. हे कार्ड मान्य नाही, असा निरोप पडद्यावर येऊन सारे थांबते. कार्ड चांगले, खोबण तीच, लिनक्स तयार. अडविणारा फक्त शिपाई. कंपनीच्या यादीत ज्याचे नाव नाही त्यास तो आत घेत नाही.

येथे एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने आशियात फार नुकसान केले. तो डिस्कवरचा मजकूर तर नासवीच, शिवाय या छोट्या चिपेवरील फर्मवेअरही पुसून टाकण्याचा प्रयत्न करी. ज्यांचे फर्मवेअर पुसले गेले ती यंत्रे कळ दाबूनही मुकी राहिली. परंतु हा दुसरा वार सर्वांवर लागू पडला नाही. इंटेलचा ४३० टीएक्स हा चिपसेट आणि त्याच्या जवळपासचे काही पाटे यांवरच तो साधला. म्हणजे मदरबोर्ड कोणता, हा प्रश्न व्हायरसलाही चुकला नाही! आज आपण जो प्रश्न घेऊन बसलो आहो तो त्याचीच सुलटी बाजू आहे.

त्याच १९९९ साली अमेरिकेत लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी एक उद्योग आरंभिला. तेथे शेकडो संगणक एकत्र जोडून एक मोठा संगणक करीत. अशा यंत्रांना पडदा नाही, कळफलक नाही. आणि बाजारातील बायोसची तऱ्हा अशी, की कळफलक सापडत नाही म्हणून ते अडून बसावयाचे आणि पुढे जाण्यासाठी कळ दाबा, असा निरोप द्यावयाचे. कोणत्या कळफलकाची? तेव्हा मिनिच व त्यांचे सहकारी यांनी बायोस काढून त्या जागी लिनक्सच बसविण्याचा बेत केला. त्याचे नाव लिनक्सबायोस. २००८ साली ते बदलून कोअरबूट झाले. याचा सारा मजकूर कोणासही वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळा आहे. कोअरबूट पाटा जागा करण्यापुरतेच काम करतो आणि मग सूत्रे दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या हाती देतो. मग तो सी-बायोस असो, ग्रब असो, की प्रत्यक्ष लिनक्स.

यातला गोड भाग असा, की मेमरीच जागी नसताना मेमरी जागी करणारा प्रोग्राम चालवावयाचा कसा, हा पेच या मंडळींना पडला. पहिल्या दिवसांत त्यांनी असा एक खास कंपायलर वापरला की ज्याचे सारे आकडे प्रोसेसरच्या अंगच्या मूठभर रजिस्टरांतच मावावेत. पुढे प्रोसेसरच्या कॅशलाच काही क्षण मेमरी म्हणून राबविण्याची युक्ती रूढ झाली. घर बांधून व्हायचे असताना चूल अंगणात मांडावी, तसेच हे.

हे सारे दूरदेशीचे आहे असे मात्र समजू नये. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात (आपल्या शेजारचे अहिल्यानगरकडील कर्जत नव्हे) खैराट नावाच्या गावी एका छोट्या प्राथमिक शाळेतील मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान लॅपटॉप देण्यात आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा तो भारतातील आरंभीचा प्रयोग होता. एक्सओ नावाचे हे यंत्र ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि डिस्कऐवजी एक गिगाबाइटची फ्लॅश, एवढ्या भांडवलावर चाले. त्याच्या घडणीत प्रथम लिनक्सबायोस होते. पुढे मिच ब्रॅडली यांचे ओपन फर्मवेअर आले. दोन्ही मुक्त स्रोताची. म्हणजे मोठमोठ्या कचेऱ्यांतील संगणकांचा शिपाई कंपनीचा चाकर असताना, डोंगरातील एका शाळेतील मुलांच्या यंत्राचा शिपाई मात्र खुल्या पुस्तकासारखा होता.

तरीही त्या यंत्राला कुलूप होते. चोरी होऊ नये म्हणून फर्मवेअर सही पाहिल्याशिवाय दुसरा प्रोग्राम चालू देत नसे. ते सोडवून घ्यावयाचे तर यंत्राचा क्रमांक कळवून ‘डेव्हलपर की’ मागवावी लागे, आणि ती मिळे. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण येथे लोकांची नेहमी गफलत होते. मजकूर उघडा असणे निराळे आणि कुलूप उघडे असणे निराळे. शिपायाच्या कामाची वही सर्वांना वाचावयास दिली, पण त्याला बदलण्याचा अधिकार दिला नाही, तर वही वाचून करावयाचे काय?

गूगलच्या क्रोमबुकांचे उदाहरण घ्या. इंटेल व एएमडी प्रोसेसरांच्या क्रोमबुकांत गेली बरीच वर्षे कोअरबूटच घालून येते. जुन्या क्रोमबुकांत ती चिप लिहिण्यापासून राखण्यासाठी आत एक साधा स्क्रू असे. तो काढला की चिप लिहिण्यास मोकळी. मला हे कुलूप फार आवडते. व्हायरसला स्क्रू काढता येत नाही, मालकाला येतो. संरक्षणही झाले आणि मालकीही राहिली.

याच्या उलट टोकाला इंटेलचे बूट गार्ड आहे. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून ते आले. यात कंपनीच्या किल्लीचा ठसा कारखान्यातच चिपसेटमध्ये फ्यूज जाळून कायमचा कोरता येतो. एकदा तो कोरला, की त्या सहीचे नसलेले फर्मवेअर तो पाटा जन्मात चालवीत नाही. स्क्रू नाही, अर्ज नाही, काही नाही. कंपनीने त्या मॉडेलची देखभाल सोडली तरी ठसा तसाच राहतो. हे साधन वापरावे की नाही, हे पाटा बनविणारी कंपनी ठरविते. म्हणून एकाच पिढीतील दोन यंत्रांपैकी एक मोकळे आणि दुसरे जन्माचे बंदिस्त, असे घडते. डेलचे ऑप्टिप्लेक्स ९०२० हे हॅसवेल पिढीचे असूनही त्यात हे कुलूप घातलेले नाही. कोअरबूट आणि त्याच्या आधाराने निघालेले लिबरबूट ही दोन्ही त्यावर चालतात. अशी ऑप्टिप्लेक्स यंत्रे जुन्या मालात मिळतात, हे ध्यानात ठेवावे. थिंकपॅड टी४८० या मॉडेलात कुलूप होते; तथापि २०२४ साली मॅनेजमेंट इंजिनच्या एका जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन ते वळसा घालून टाळता आले. पण प्रत्येक भिंतीला असे भगदाड पडेलच, या भरवशावर कोणी पैसे टाकू नयेत.

आता मॅनेजमेंट इंजिनचे नाव निघालेच आहे. इंटेलच्या चिपसेटात हा एक लहानसा स्वतंत्र प्रोसेसर असतो. मुख्य प्रोसेसर जागा होण्यापूर्वीच तो जागा झालेला असतो, आणि त्याचा प्रोग्राम बंद, इंटेलच्या सहीचा. २००८ नंतरच्या बहुतेक पाट्यांवर तो प्रोग्राम समूळ काढला तर यंत्र सुरू होत नाही किंवा अर्ध्या तासाने आपोआप मालवते. निकोला कॉर्ना यांनी केलेल्या मी-क्लीनर या साधनाने त्याचा पुष्कळ भाग छाटून फक्त जागे होण्यापुरता ठेवता येतो. एएमडीनेही २०१३ च्या सुमारापासून आपल्या प्रोसेसरांत असाच एक भाग घातला आहे. म्हणून कोअरबूट चालते म्हणजे सारे काही उघडे झाले, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. अलीकडच्या इंटेल पाट्यांवर मेमरी जागी करण्याचे कामसुद्धा इंटेलने दिलेला बंद तुकडाच करतो. २०१२ चा थिंकपॅड एक्स२३० जाणत्यांना अजून प्रिय आहे त्याचे कारण हेच, की त्यात मेमरीचे कामही उघड्या मजकुराने होते, बूट गार्ड नाही, आणि मॅनेजमेंट इंजिन छाटता येते. जितके नवे यंत्र तितका बंद भाग अधिक, हा आजचा व्यवहार आहे. नवाच पाटा हवा असेल तर पोलंडमधील थ्री-एमडेब या कंपनीने एमएसआयच्या प्रो झेड६९०-ए या दुकानात मिळणाऱ्या पाट्यासाठी २०२२ साली डाशारो नावाने कोअरबूट तयार केले आहे. बंद तुकडा त्यातही आहे, पण किल्ली मालकाच्या हाती राहते.

निवड करताना सर्वांत मोठी चूक होते ती ‘जवळपास तेच’ या समजुतीने. जेऊरहून गाडीत बसून केम ओलांडले की कुर्डुवाडी येते. तेथे पूर्वी मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटी आणि बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी. १८९७ साली ती लहान गाडी सुरू झाली. दोन्हीकडे रूळ लोखंडाचेच, इंजिने वाफेचीच. पण एकीचा डबा दुसरीवर जात नसे, आणि माल उतरवून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नसे. पाट्यांचेही तसेच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे घरोघर जी४१ चिपसेटचे पाटे आले. गिगाबाइटच्या जीए-जी४१एम-ईएस२एल या पाट्यावर कोअरबूट व लिबरबूट चालते. म्हणून शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या जी४१ पाट्यावर ते चालेल काय? नाही. चिपसेट तोच असला तरी पंखे व कळफलक सांभाळणारी सुपर आय-ओ चिप वेगळी असते, कोणती तार कोठे गेली आहे ते वेगळे असते, आणि फर्मवेअरला नेमके तेच ठाऊक असावे लागते.

तेव्हा पाट्याचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, आवृत्तीच्या अंकासकट, लिहून घ्यावे. ते पाट्यावर छापलेले असते; किंवा दुकानातच लिनक्सचा पेन-ड्राइव्ह लावून डीएमआय-डीकोड ही आज्ञा दिली की पडद्यावर येते. मग ते नाव कोअरबूटच्या चालू आवृत्तीच्या यादीत पाहावे. जुन्या यादीवर विसंबू नये. आसूसचा केजीपीई-डी१६ हा दोन प्रोसेसरांचा पाटा एके काळी या मंडळींत नावाजलेला होता; पण त्याचा मजकूर काळाबरोबर कोणी सुधारला नाही म्हणून २०१९ च्या ४.११ या आवृत्तीनंतर तो मुख्य शाखेतून काढला गेला. नाव सापडले, तर बूट गार्डची स्थिती पाहावी. कोअरबूटच्या सामानातील इंटेल-मी-टूल ती सांगते. एवढ्या चौकशीस अर्धा तास लागतो. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा; साडीच्या दुकानात आपण याहून अधिक वेळ काढतो.

आणि हे सर्व आपल्या वाचनालयाने करावे काय? माझे मत असे, की केवळ मराठी टंकलेखन आणि हिशेब यांसाठी चांगले चालत असलेल्या यंत्राचे फर्मवेअर उगाच बदलू नये. परंतु दहा यंत्रे घ्यावयाचीच आहेत आणि एकाच किमतीत एक उघडणारे व एक बंदिस्त मिळते, तर उघडणारेच घ्यावे. बदल आज करा, पाच वर्षांनी करा किंवा कधीच करू नका. पण करण्याची वाट आपल्याकडे असावी. बंदिस्त पाट्यात ती वाट नंतर कितीही पैसे देऊन मिळत नाही.

प्रत्यक्ष कामास लागणारे हत्यार आपल्या भागातही मिळते. संगणक दुरुस्त करणाऱ्यांकडे सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रामर आणि चिपेस धरणारा चिमटा असतो. मुके झालेले यंत्र ते त्यानेच जागे करतात. मात्र त्याच्या काळ्या पाटीच्या नमुन्यात एक खोड आहे. वीज ३.३ व्होल्टची देताना तो माहितीच्या तारांवर पाच व्होल्ट ठेवतो. बहुतेक चिपा ३.३ व्होल्टच्या, काही नव्या तर १.८ च्या असतात. तेव्हा व्होल्टेज बदलता येणारा नमुना वापरावा आणि १.८ च्या चिपेस मधला जोड लावल्याशिवाय हात लावू नये. लिहिण्यापूर्वी फ्लॅशरॉम या साधनाने मूळ मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही असे समजावे आणि पुढे जाऊ नये. एक्स२३० सारख्या यंत्रात आठ व चार मेगाबाइटच्या दोन चिपा असतात. तेथे दोन्हींच्या प्रती हव्यात.

दहा यंत्रे असतील तर प्रथम एकच विकत आणावे, त्यावर सारे करून पाहावे, मग त्याच नावाची उरलेली नऊ मागवावीत. मूळ प्रती दहाही यंत्रांच्या वेगळ्या काढून त्यांवर यंत्राचा क्रमांक घालावा आणि त्या वाचनालयाच्या कपाटात ठेवाव्यात. सारखीच मॉडेले आहेत म्हणून एकाची प्रत दुसऱ्यावर चढविण्याचा मोह होतो, तो टाळावा. या यंत्रांत त्याच चिपेवर प्रत्येकाचा स्वतःचा नेटवर्कचा पत्ताही लिहिलेला असतो. तो दोन ठिकाणी एकच झाला, की एका आळीत एकाच नावाची दोन घरे असल्यावर पोस्टमनची जी त्रेधा उडते, तीच त्या खोलीतील जाळ्याची उडते.